330 सामने, एकच क्लब: नेथन हिंडमार्श मैदानावर नेमकं काय काम करायचा?

प्रश्न असा आहे: सिडनीत वेस्टमीड-हॅरिस पार्क भागात राहायला आल्यापासून नेथन हिंडमार्श हे नाव सतत कानावर येतं. पॅरामॅटा ईल्स या रग्बी लीग क्लबकडून 330 सामने, दुसऱ्या कुठल्याही क्लबची जर्सी कधी अंगावर नाही, आणि विजेतेपद मात्र एकही नाही. मग लोक त्याला एवढं का मानतात? आणि रग्बी लीगमधला फॉरवर्ड करतो तरी काय? टीव्हीवर तो फक्त कुणाला तरी पाडताना नाहीतर स्वतः पडताना दिसतो.

तुम्ही जे पाहिलंत, तेच त्याचं काम आहे. ते काम किती वेळा, किती नीट आणि सामन्याच्या कुठल्या मिनिटापर्यंत केलं, यावर फॉरवर्ड जोखला जातो. हिंडमार्शचा मान समजायचा तर आधी टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून थांबवणं किंवा पाडणं, समजून घ्यावं लागेल, म्हणून सुरुवात तिथून करतो.

रग्बीचे दोन प्रकार आहेत: युनियन आणि लीग. 1895 साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्डला उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले. मुख्य वाद होता सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीचे पैसे खेळाडूंना द्यायचे की नाही, हा. त्या फुटीतून पुढे रग्बी लीग उभी राहिली. हिच्यात एका बाजूला 13 खेळाडू असतात आणि सामना 80 मिनिटांचा. चेंडू हातात असलेल्या संघाला सलग सहा टॅकलपर्यंत तो ठेवता येतो. टॅकल झाला की पडलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुन्हा सुरू. याला प्ले-द-बॉल म्हणतात. बचाव करणाऱ्यांपैकी जास्तीत जास्त दोघे त्याच्यासमोर उभे राहू शकतात, त्यांना मार्कर म्हणतात. बाकी सगळ्यांनी 10 मीटर मागे जायचं. सहाव्या टॅकलला चेंडू दुसऱ्या संघाचा होतो, म्हणून पाच टॅकल झाले की बहुतेक संघ चेंडूला लाथ मारून तो लांब पाठवतात.

कबड्डी पाहणाऱ्याला यातलं पकडीचं काम लगेच कळेल. पण एक फरक आहे. कबड्डीत चढाईवाल्याला धरलं आणि तो मध्यरेषेला पोचला नाही की काम संपतं. इथे धरलेला माणूस बाद होत नाही. पंच "हेल्ड" म्हणाले की त्याला सोडावंच लागतं, आणि तीन-चार सेकंदांत पुढचा माणूस धावत अंगावर येतो.

जर्सीवरचा आकडा बघितला की काम कळतं. 8 ते 13 हे फॉरवर्ड. 8 आणि 10 म्हणजे प्रॉप, सगळ्यांत जड, मधोमध घुसणारे. 9 म्हणजे हुकर, प्ले-द-बॉलनंतर चेंडू उचलून पुढे देणारा. 11 आणि 12 म्हणजे सेकंड-रो, 13 म्हणजे लॉक. हिंडमार्श सेकंड-रोमधला. या माणसाकडे प्रॉपची ताकद तर हवीच, वर पूर्ण 80 मिनिटं पळण्याचा दमही हवा.

आता एकच सहा टॅकलचा डाव जवळून बघा. 68वं मिनिट आहे असं धरा. समोरचा संघ स्वतःच्या 20 मीटर रेषेवरून निघालाय. 110 किलोचा प्रॉप सरळ अंगावर येतो. हिंडमार्शच्या जागेवरचा माणूस पहिला धावतो, पण शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये लांब ढांगा टाकणं बंद करून बारीक, झपाझप पावलं टाकतो. लांब ढांगेत एक पाय नेहमी हवेत असतो आणि तेवढ्यात समोरच्याने दिशा बदलली तर हातात फक्त जर्सीचं टोक उरतं. मग पुढचा पाय समोरच्याच्या दोन पायांच्या जवळजवळ मध्ये रोवायचा, पाठ सरळ, नजर वर, आणि त्याच पायाच्या बाजूचा खांदा बरगड्यांखाली. डोकं कायम बाजूला, समोरच्याच्या अंगाला चिकटलेलं. त्याच्या पुढ्यात कधीच नाही. हात आवळतात ते खांदा लागल्यानंतर. आणि यानंतरची गोष्ट नवशिक्यांना सगळ्यांत अवघड जाते: पाय थांबवायचे नाहीत. खांदा लागला की नवखा माणूस काम झालं असं समजून थांबतो आणि दोन मीटर मागे ढकलला जातो. पाय चालू ठेवले तर तेच दोन मीटर आपल्याला मिळतात.

दुसरा माणूस येऊन चेंडूवाला हात अडकवतो, म्हणजे पास निघत नाही. तिसरा खाली वाकून पाय धरतो; कुस्तीत पट काढतात, बरीचशी तीच पकड. पहिला जर एकटाच असेल तर त्याला चेंडू हिसकावून घ्यायची मुभा आहे. दोघे लागलेले असताना हिसकावणं म्हणजे दंड. म्हणून "मी धरलाय, तू ये" आणि "येऊ नकोस" हे दोन्ही ओरडून सांगावं लागतं. वर्षानुवर्षं शेजारी खेळलेल्या माणसाला ते आवाजावरूनच कळतं.

माणूस खाली गेला. आता घाई सुटण्याची. प्ले-द-बॉल तीन सेकंदांच्या आत झाला तर बचावाची फळी अजून मागे जातच असते आणि पुढचा धावणारा उलट्या पावलांनी चालणाऱ्यांवर येऊन आदळतो. चार सेकंद मिळाले तर फळी नीट उभी राहते. तो एक सेकंद दंड न होता मिळवणं, ही फॉरवर्डची खरी कारागिरी. वजन त्याच्या छातीवर ठेवायचं, उठताना मात्र आपण आधी उठायचं, त्याच्या अंगावरून लोळत बाजूला नाही जायचं. लोळणारा माणूस पंचांच्या नजरेत लगेच भरतो. उठून मार्करला उभं राहायचं तर चेंडूच्या अगदी समोर, दुसरा मार्कर पहिल्याच्या बरोबर मागे. अर्धं पाऊल बाजूला उभं राहून पळालात तर पुन्हा दंड. मार्कर नसाल तर 10 मीटर मागे, आणि लगेच परत पुढे. सहा टॅकलच्या एका डावात नुसतं मागे जाणंच 50 मीटरपर्यंत होतं. त्यात दोन-तीनदा स्वतः टॅकल. मग आपल्या संघाला चेंडू मिळतो, आणि पहिल्या दोन टॅकलपैकी एकात चेंडू घेऊन पुन्हा यालाच धावायचं असतं.

चुका कशा होतात ते कळलं तर हा माणूस वेगळा का ते कळेल. दमलेला फॉरवर्ड आधी पाय गमावतो आणि मग हाताने टॅकल करायला लागतो. बाहेर पसरलेल्या हाताने 100 किलोचा माणूस अडत नाही. उलट खांद्याचा सांधा निखळतो. पाठ वाकली की नजर खाली जाते, डोकं चुकीच्या बाजूला जातं, आणि मेंदूला धक्का बसणाऱ्या कितीतरी दुखापती अशाच होतात: समोरच्याच्या गुडघ्यावर किंवा कंबरेच्या हाडावर टॅकल करणाऱ्याचंच डोकं आपटतं. तिसरी चूक जास्त छुपी आहे. माणूस टॅकल नीट करतो पण परत जायला एक सेकंद उशीर करतो. आकडेवारीत ती कुठे दिसत नाही. त्याच्या जागी भोक पडतं आणि ट्राय झाली (म्हणजे समोरच्याने गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले) की दोष शेजाऱ्यावर जातो.

हिंडमार्श हे काम 60व्या मिनिटाला 10व्या मिनिटासारखंच करायचा. एनआरएलमध्ये (नॅशनल रग्बी लीग, ऑस्ट्रेलियातली सर्वोच्च स्पर्धा) टॅकल मोजायला लागल्यापासून 10,000 चा टप्पा ओलांडणारा तो पहिला खेळाडू. (पुढे मेलबर्नचा हुकर कॅमरन स्मिथ त्याच्याही बराच पुढे गेला.) 330 सामन्यांनी भागलं तरी सामन्याला किमान 30 पडतात, आणि यात चेंडू घेऊन धावणं, मार्करचं काम, मागे जाणं काहीच धरलेलं नाही. एवढ्या वेळा जमिनीवरून उठताना घसरलेली त्याची चड्डी पॅरामॅटात आजही लोक प्रेमाने आठवतात.

हा दम संघाला किती उपयोगाचा होता, ते बदली खेळाडूंच्या नियमावरून कळतं. त्याच्या काळात बाकावर चार राखीव असायचे. पूर्वी कितीही वेळा अदलाबदल करता यायची. 2001 पासून सामन्याला 12 बदलांची मर्यादा आली, 2008 मध्ये ती 10 झाली, 2016 मध्ये 8. बाहेर जाऊन परत येणं म्हणजे दोन बदल. दोन्ही प्रॉपना दोन-दोनदा विश्रांती देऊन परत आणायचं म्हटलं तर तिथेच 8 बदल संपतात. 10 च्या नियमात उरले दोन, आणि कुणी जखमी झाला तर तेही गेले. अशा वेळी सेकंड-रोमधला एक माणूस 80 मिनिटं बाहेरच न येता खेळत असेल तर प्रशिक्षकाच्या हातात प्रॉपना ताजं ठेवायची सोय राहते. हिंडमार्शची कारकीर्द नेमकी या मर्यादा कडक होत जाण्याच्या काळातली. नियम त्याच्यासारख्यांची किंमत वाढवत होता. त्या मागणीला पुरून उरेल असं शरीर मात्र फार थोड्यांकडे होतं.

आता क्लबची बाजू. पॅरामॅटा 1947 मध्ये सिडनीच्या स्पर्धेत आला. विजेतेपदं चार: 1981, 1982, 1983 आणि 1986. त्या संघाचा फॉरवर्ड रे प्राइस हा पश्चिम सिडनीत अथक मेहनतीचं मोजमाप मानला जायचा, म्हणजे हिंडमार्श आला तेव्हा तुलनेची पट्टी आधीच तयार होती. तो मूळचा दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या रॉबर्टसनचा, बटाट्याच्या शेतीसाठी ओळखलं जाणारं छोटं गाव. 1998 मध्ये, 18 वर्षांचा असताना, प्रशिक्षक ब्रायन स्मिथच्या संघातून तो पहिल्या श्रेणीत खेळला.

2001 मध्ये पॅरामॅटा साखळीत पहिला आला, 839 गुण करून. अंतिम सामना न्यूकासलशी होता. मध्यंतराला न्यूकासल 24-0 ने पुढे. दुसऱ्या अर्ध्यात पॅरामॅटाने 24 गुण केले, तरी निकाल 30-24. 2005 मध्ये पुन्हा साखळीत पहिला क्रमांक, पण या वेळी अंतिम सामनाच हुकला. 2009 मध्ये आठव्या, म्हणजे बाद फेरीतल्या शेवटच्या जागेवरून संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. पॅरामॅटाचा जॅरिड हेन त्या वर्षी थांबवता येत नव्हता. मेलबर्नकडून 23-16 ने हार. एप्रिल 2010 मध्ये उघड झालं की मेलबर्नने पगाराची मर्यादा ओलांडली होती. त्यांची 2007 आणि 2009 ची विजेतेपदं काढून घेतली गेली. ती दुसऱ्या कुणाला दिली नाहीत, जागा रिकामी ठेवली. तेव्हा हिंडमार्शकडे विजेतेपद नाही हे खरं असलं तरी 2009 च्या यादीत त्याच्या वर कुणाचंही नाव नाही, हेही तितकंच खरं. (2016 मध्ये याच पगारमर्यादेच्या उल्लंघनासाठी पॅरामॅटाचेही 12 गुण कापले गेले आणि 10 लाख डॉलर दंड झाला. हिंडमार्श तोवर चार वर्षांपूर्वीच निवृत्त झाला होता.)

ही पगारमर्यादा एकनिष्ठतेच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे, म्हणून थोडं थांबतो. प्रत्येक क्लबने खेळाडूंवर एकूण किती खर्च करायचा ते लीग ठरवते. त्यामुळे चांगला खेळणाऱ्याला जास्त पैसे देणारा दुसरा क्लब कायम दारात उभा असतो, आणि आपल्या क्लबला तो ठेवायचा तर दुसऱ्या कुणाला तरी सोडावं लागतं. ऑस्ट्रेलियाकडून 23 कसोटी सामने आणि न्यू साउथ वेल्सकडून 17 ओरिजिन सामने (क्वीन्सलँड राज्याविरुद्धची दरवर्षीची मालिका) खेळलेल्या सेकंड-रोला मागणी नसते असं शक्यच नाही. असा माणूस जेव्हा थांबतो तेव्हा क्लबला मिळतं ते असं: दरवर्षी नवा हाफबॅक (चाली रचणारा), नवे प्रॉप, नवा प्रशिक्षक येतो, तरी बचावाच्या फळीतला एक ठराविक माणूस तोच राहतो. त्याच्या शेजारी 19 वर्षांचा पोरगा उभा केला तर पोराने कधी आत यायचं, कधी बाहेर थांबायचं, ते तो ओरडून सांगतो. ब्रायन स्मिथनंतर हेगन, अँडरसन, कर्नी असे प्रशिक्षक बदलत गेले, प्रत्येकाची बचावाची भाषा वेगळी. ती भाषा मैदानावर उतरवायला असा एक जुना माणूस लागतोच.

तोटाही आहे. माणूस सगळं ओढतोय म्हणून क्लब त्याच्या मागे दुसरा तयार करायला उशीर करतो. कर्णधार नेथन केलेस, तोही पूर्ण कारकीर्द पॅरामॅटाचाच प्रॉप आणि 2008 चा विश्वचषक जिंकणाऱ्या न्यूझीलंडचा कर्णधार, 2010 नंतर निवृत्त झाला. मग कर्णधारपद हिंडमार्शकडे आलं. 2012 मध्ये हिंडमार्श आणि त्याच्यासारखाच एकाच क्लबचा विंगर (कडेला खेळणारा) लूक बर्ट दोघे एकदम गेले. त्या वर्षी संघ शेवटचा आला आणि 2013 मध्येही शेवटचाच. दोन माणसांच्या जाण्याने हे झालं असं नाही म्हणता येत, 2012 मध्ये ते मैदानावरच होते. पण मधल्या फळीतली पोकळी तेव्हाच उघडी पडली होती, हे माझं स्पष्ट मत आहे.

इतर एकनिष्ठ फॉरवर्डशी तुलना केली तर नशिबाचा भाग दिसतो. पॉल गॅलन क्रोनुलाकडून 348 सामने खेळला आणि 2016 मध्ये, कारकिर्दीच्या अगदी उतरणीला, मेलबर्नवर 14-12 असा विजय मिळवून क्लबचं पहिलंवहिलं विजेतेपद त्याला मिळालं. कोरी पार्कर ब्रिस्बेनकडून 347 सामने खेळला, त्याला 2006 चं मिळालं. हिंडमार्शचं काम या दोघांपेक्षा कमी होतं असं कुणी जाणकार म्हणणार नाही.

पंधरा मोसम हे शरीर टिकतं कसं? सामन्यानंतरचे दोन दिवस हा माणूस जवळजवळ काहीच करत नाही: पाण्यातला हलका व्यायाम, सायकल, मालिश, झोप. खांदा आणि मानेच्या स्नायूंवर वर्षभर काम, कारण मान बळकट असेल तर धक्क्याला डोकं कमी हलतं. मानेतून हातात वीज गेल्यासारखी कळ येते, तिला खेळाडू स्टिंगर म्हणतात. ती वारंवार यायला लागली की सराव थांबवून तपासणी करायची, दाबून खेळायचं नाही. सरावात पूर्ण ताकदीचे टॅकल फार थोडे ठेवायचे. तंत्राचा सराव गादीच्या ढालीवर, कमी वेगाने, पण दर आठवड्याला. टॅकलचं तंत्र बिघडलेला फॉरवर्ड तिशीच्या आधीच संपतो. नीट असलेला 33 पर्यंत जातो. हिंडमार्श निवृत्त झाला तो 33 वर्षांचा होताना.

तुम्ही आता पॅरामॅटाच्या मैदानावर जाणारच असाल. जुनं स्टेडियम पाडून त्याच जागी 2019 मध्ये 30,000 प्रेक्षकांचं नवं उभं राहिलंय. पहिल्या सामन्यात दहा मिनिटं चेंडू बघूच नका. 11 किंवा 12 नंबरची एक जर्सी निवडा आणि फक्त तिच्याकडे बघा. टॅकल मोजा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे टॅकलनंतर तो जमिनीवर किती वेळ असतो ते मोजा, आणि फळी पुढे सरकते तेव्हा तो शेजाऱ्याच्या बरोबरीने असतो की एक पाऊल मागे. मग हेच 65व्या मिनिटानंतर पुन्हा करा. दोन मोजणींत फरक जितका कमी, तितका तो माणूस हिंडमार्शच्या जातीचा. उंच जागा घ्या, मैदानाच्या टोकाकडची. बाजूने बसलात तर फळीत भोक कुठे पडतंय ते नीट दिसत नाही.

घरात पोरगं किंवा पोरगी असेल आणि तिथल्या ज्युनिअर क्लबात जायचं म्हणत असेल, तर प्रशिक्षकाला एकच विचारा: टॅकल गुडघ्यावर बसून शिकवता का? पहिले काही आठवडे मुलांनी गुडघ्यांवर, मग एक गुडघा टेकून, मग चालत, आणि शेवटी धावत टॅकल करायचा. प्रत्येक टप्प्याला डोकं कुठे गेलं तेवढंच बघायचं. तोंडात माउथगार्ड सरावालाही, दुकानातला उकळून बसवायचा चालेल, दंतवैद्याकडून करून घेतला तर जास्त चांगला. डोक्याला मार लागून चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटणं यातलं काहीही झालं तर त्या दिवशी परत मैदानावर नाही, मूल कितीही हट्ट करो. एनआरएलच्या मोठ्या खेळाडूंनाही 2023 पासून साधारणपणे किमान 11 दिवस बाहेर बसावं लागतं. स्थानिक पातळीवर ऑस्ट्रेलियातली मार्गदर्शक तत्त्वं याहून कडक आहेत: सगळी लक्षणं गेल्यावर 14 दिवस अंगाला अंग लागणारा सराव नाही, आणि सामना मार लागल्यापासून 21 दिवसांच्या आत नाही. तारीख वहीत लिहून ठेवा, कारण दहाव्या दिवशी मूल एकदम ठणठणीत दिसतं.